ज मापेल सुलोचना

मला फ्रेंच येत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर हे वाचून उद्या कोणीतरी आपल्या नातवाला बखोटीला धरून दारात उभं राहायचं, की आजी, ह्याला जरा चार शब्द शिकवा. कॉलेजात असताना मी फ्रेंच घेतलं होतं खरं, पण त्यातलं उरलं ते एवढंच: आपलं नाव कसं सांगायचं, दुसऱ्याचं कसं सांगायचं, आणि कोण काय काम करतं ते कसं सांगायचं. बाकी सगळं वाहून गेलं. हा पहिला धडा मात्र अजून तोंडात आहे. भांडी विसळताना, भाजी निवडताना तो आपोआप बाहेर येतो. सुनेला वाटतं मी जप करते. वाटू दे. ह्या वयात बाईनं जप केलेला बरा दिसतो.

तसं फ्रेंच मी घेतलंच नव्हतं, ते आमच्या नानांनी घेतलं. नाना म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत साहेबांची जीप चालवायचे. साहेबांच्या मुलीला फ्रेंचमध्ये भरभरून मार्क पडले, ही बातमी नानांनी जीप चालवता चालवता मागच्या सीटवरून उचलली आणि संध्याकाळी घरी आणली. "शैले, तू बी फ्रेंच घे." मी म्हटलं, "नाना, मला अजून इंग्रजी धड येत नाही." तर म्हणाले, "मंग चांगलंच हाय की! दोन्ही येत नाय, म्हंजे दोन्ही सारखंच. जे सारखं हाय त्यात जास्ती मार्काचं घ्यावं." ह्या हिशेबापुढं कोण काय बोलणार? आईनं पोळपाटावरून मान वर करून एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा लाटायला लागली. आमच्या घरात मोठे निर्णय असेच व्हायचे.

आम्ही राहायचो नाशिकला, कचेरीच्याच मागच्या चाळीत, दोन खोल्यांत. पुढच्या खोलीच्या खिडकीतून कचेरीचं आवार दिसायचं, आणि आवाराच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्यात नानांची जीप. देवळालीला तोफांचा सराव चालला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. पाहुणे दचकायचे, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आई तर म्हणायची, "तोफा वाजल्या, कुकर लावायची येळ झाली." तिचं माहेर चांदोरीकडचं, सासर सायखेड्याचं. गोदावरीच्या काठची ती माणसं, भाजीत पाणी कमी आणि तिखट जास्त. बाजरीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, आणि नाना घरी असले की गरम गरम वांग्याचं भरीत. स्टोव्हला पंप मारल्याचा फसफस आवाज आला की मला अजूनही भूक लागते, आणि आता तर घरात स्टोव्ह नाही.

नानांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. त्यांना कोणी हाक मारली की ते 'ओ' द्यायचे. त्यात काय विशेष, सगळेच देतात, म्हणाल. पण नानांची 'ओ' ऐकायला पाहिजे होती. कचेरीच्या व्हरांड्यातून कोणी "भास्कऽर" म्हणून ओरडलं की शेडमधून, जीपच्या खालून, मोरीतून, जिथं असतील तिथून लांबलचक "ओऽऽऽ" यायची. विहिरीतून आल्यासारखी. रस्त्यात दुसऱ्याच कोणा भास्करला हाक मारली तरी हे ओ देऊन मोकळे. आई त्यावरून त्यांना लय चिडवायची. "तुमाला कुत्र्यानं हाक मारली तरी तुमी ओ द्याल." ते म्हणायचे, "हाकंला ओ नाय दिली तं मारणाऱ्याचं तोंड पडतं गं."

आई स्वतः त्यांना हाक मारायची नाही, हे ओघानंच आलं. "अहो", "ऐकलं का", आणि फारच झालं तर "शैलीचे नाना". नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. इतकंच काय, भास्कर नावाचा भाजीवाला यायचा, त्याला ती "ओ, त्यांच्या नावाचं दादा" म्हणायची. तो बापडाही हसून थांबायचा. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीतल्या बाया तिला मधे बसवायच्या, कारण ती दर वर्षी नवा उखाणा करायची. एक मला पाठ आहे: "गोदेच्या काठाला द्राक्षांचे मळे, भास्कररावांची जीप बघून गाव सारं वळे." बायकांनी हसून हसून डोळे पुसले होते. एरवी ओठांना शिवण घातलेली आई त्या दिवशी पदर खोचून नाव घ्यायची, आणि नाना शेजारच्या खोलीत पेपर वाचायचं सोंग करून ऐकत असायचे.

फ्रेंचच्या मॅडम देवळाली कॅम्पातून बसनं यायच्या. नाव सेल्वी. पाँडिचेरीच्या, नवरा लष्करात. सावळ्या, उंच, आणि मराठी असं बोलायच्या की आम्ही पुस्तकाआड तोंड लपवायचो. पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हाला एकच गोष्ट करायला लावली. उभं राहायचं, नाव सांगायचं. "ज मापेल शैला." मग शेजारणीकडं हात करायचा. "एल सापेल रेखा." मग घरच्यांची ओळख. व्वासी मों पेर, हे माझे वडील. इल सापेल, त्यांचं नाव अमुक. इल ए, ते तमुक आहेत. आम्ही संध्याकाळी हे घरी घोकायचो, आणि आमच्या घरी नाना माझ्यासमोर मांडी घालून विद्यार्थी व्हायचे. ड्रायव्हरला फ्रेंचमध्ये काय म्हणतात असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं, शोफर. नानांनी मांडीवर थाप मारली. "आयला, हा तं आपलाच शब्द! आपुन इतके दिवस फ्रेंचच बोलत होतो की गं!" तेव्हापासून चाळीत कोणी भेटलं की "इल ए शोफर" म्हणून स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे. मी म्हणायचे, नाना, 'इल' म्हणजे 'तो', स्वतःला 'ज सुई' म्हणतात. ते म्हणायचे, "आसू दे. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय असं वाटलं तं गर्व दिसत नाय."

मग एक दिवस नाना घोटीला गेले. साहेबांची काही पाहणी होती. दुपारी डबा खाऊन झाडाखाली बसले, साहेब तयार झाले म्हणून शिपायानं हाक मारली, तर ओ आली नाही. एवढंच. संध्याकाळी जीप शेडमध्ये आली ती दुसराच माणूस चालवत घेऊन आला. मी खिडकीत होते. जीपनं शेडमध्ये शिरताना एकदा जास्तीचा रिव्हर्स घेतला. नाना कधी घ्यायचे नाहीत. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ह्याला गाडी लावता येत नाही.

त्यानंतरचं मला सगळं आठवतं आणि काहीच वाटल्याचं आठवत नाही. लोक म्हणतात, दुःखानं छाती फुटते. माझं काही फुटलं नाही. दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल जसा आपला नसल्यासारखा होतो, तशी मी अख्खी झाले होते. सायखेड्याला नदीवर सगळं झालं, बायकांनी आईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मी खांबाला टेकून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "पोरीला रडवा गं, नायतं डोक्यावर परिणाम व्हायचा." एका म्हातारीनं मला छातीशी धरून मोठा गळा काढला. तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास येत होता. मी तो वास घेत उभी राहिले. शेजारणींनी पिठलं-भात आणला, मी दोनदा मागून घेऊन खाल्ला. त्यात मीठ नव्हतं असं नंतर सगळे म्हणाले. मला कळलंच नव्हतं.

दिवस झाले आणि आम्ही नाशिकला परत आलो. मी कॉलेजला जायला लागले, कारण सकाळी उठून कुठंतरी जायची सवय होती. सेल्वी मॅडमना काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी आजारी असेल. त्या दिवशी तोंडी परीक्षेची तयारी होती, घरच्यांची ओळख करून द्या. माझा नंबर आला. मी उभी राहिले. व्वासी मों पेर. इल सापेल भास्कर. इल ए शोफर. रेखानं खालून माझी ओढणी ओढली. मी तिच्याकडं बघितलंच नाही. आमच्या पुस्तकात अजून भूतकाळ आला नव्हता, तो पुढच्या वर्षी होता, पण आला असता तरी मी वापरला असता असं मला वाटत नाही. "त्रे बियां," मॅडम म्हणाल्या, म्हणजे छान. मी खाली बसले. पुढची मुलगी उठली, तिचे वडील डॉक्टर होते. मॅडम तिलाही त्रे बियां म्हणाल्या.

घरात खरा प्रश्न आता उभा राहिला होता. नानांच्या जागी घरातल्या एकाला कचेरीत नोकरी मिळणार होती. माझं वय बसत नव्हतं. म्हणजे आई. नाहीतर अण्णांचा वसंता. अण्णा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, सायखेड्याला शेती करायचे. ते वाईट नव्हते, हे मला आज मुद्दाम सांगावंसं वाटतं. आमच्याच खोलीत बसून, चहाची बशी फुंकत, ते शांतपणे म्हणाले, "बाईमाणसानं कचेरीत टेबलं पुसायची, हे भास्कऱ्याला आवडलं नसतं. वसंत्याला लावू नोकरीला. तुमी दोघी गावी चला. दोन भाकरी आमाला जड नाय. शैलीचं बी बघू यंदा उन्हाळ्यात." आई थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभी. ती दिरांशी कधी समोरासमोर बोललेलीच नव्हती. आतूनच हळू आवाजात माझ्यामार्फत म्हणाली, "त्यांना सांग, शैलीला शिकवायचं व्हतं ह्यांना." अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला सांग, त्याला लय काय काय करायचं व्हतं." आणि बशी खाली ठेवली. मी दोन्हीकडचं दोन्हीकडं पोचवत होते. कॉलेज सुटणार, लग्न होणार, हे सगळं माझ्याबद्दल चाललंय हे मला समजत होतं. पण शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं मी ते ऐकत होते.

साहेबांनी बोलावलं म्हणून आई गेली. अण्णाही बरोबर, मीही. साहेब भला माणूस होता. घोटीला त्यानंच नानांना मांडीवर घेऊन पाणी पाजायचा प्रयत्न केला होता. तो म्हणाला, "बाई, शिपायाची जागा आहे. टपाल घ्यायचं, आल्यागेल्याला नाव विचारायचं, मी नसलो तर फोन उचलून नाव सांगायचं. जमेल ना? हं, तुमचं पूर्ण नाव सांगा." आईनं पदराचा बोळा तोंडाशी नेला. सुलोचना म्हणाली, तेही असं की समोरच्या टेबलालाही ऐकू जाऊ नये. पुढं गाडी अडली. आपल्याकडं बाईचं पूर्ण नाव सांगायचं म्हणजे मधे नवरा आलाच. तो ओलांडल्याशिवाय तिला आडनावापर्यंत पोचताच येत नाही. आई माझ्याकडं बघायला लागली. अण्णा पुढं होऊन म्हणाले, "सुलोचना भास्कर बोराडे." साहेब म्हणाले, "तुम्ही नका सांगू. बाईंना बोलू द्या." आईनं पदर आणखी पुढं ओढला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या सोमवारी परत या. त्यांना नाव सांगता आलं तर मी वर कळवतो. नाही आलं तर पुतण्याचं बघू. मला दुसरा इलाज नाही." बाहेर आल्यावर अण्णा समजुतीनं म्हणाले, "आता काय त्याचं आयुष्य कमी व्हनार हाय का? घ्यायचं व्हतं नाव." आई पदराआडून, पहिल्यांदाच थेट त्यांना म्हणाली, "भाऊजी, नाव उखान्यात घ्येत्यात. आता मला कोण उखाना घे म्हननार?" अण्णा बस स्टँडकडं गेले.

त्याच आठवड्यात सेल्वी मॅडम आमच्या घरी आल्या. रेखानं त्यांना सांगितलं असणार. तिन्हीसांजेला दारात ही उंच बाई, हातात द्राक्षांची पिशवी, आणि डोळे रडून लाल. माझ्याकडून वर्गात 'इल ए शोफर' म्हणवून घेतलं आणि वर छान म्हटलं, ह्याचं त्यांना लागलं होतं. मला काही वाटलेलं नव्हतं, मी तसं सांगितलं, तर त्या आणखीच रडायला लागल्या. आईला कळेना, दुःख कोणाचं आणि रडतंय कोण. तिनं त्यांना पाणी दिलं, स्टोव्ह पेटवला, चहात आलं ठेचून घातलं. आमच्यात अशा वेळी पाहुण्याला चहा द्यावा की नाही ह्यावर चाळीत दोन मतं होती, पण आई म्हणाली, "लांबून आली बाई, कोरडी कशी धाडू."

मग त्या दोघी बोलायला लागल्या, आणि ते बोलणं मी जन्मात विसरणार नाही. मॅडमची मराठी अशी, आईची मराठी तशी, मधे मी. आईनं विचारलं, "तुमी पोरींला रोज नाव सांगायला लावता म्हनं. त्या बोलीत बायका नवऱ्याचं नाव घेत्यात?" मॅडम म्हणाल्या, "घेते ना. मेरा नवरा, अरुलराज. मों मारी सापेल अरुलराज. ऐसा." आईनं खाडकन मान वर केली. "मारी? ह्यांनी तं कधी हात उचलला नाय." मला वाटतं त्या घरात त्या दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं असेल, ते मॅडम हसल्या. मग त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "मेरी अम्मा पण नाव घेत नव्हती. गाँव में सब वैसाच. बाबा को बोलती थी, 'इकडे बघा.' मी शाळेत फ्रेंच शिकली, तब पहली बार बाबा का नाव जोर से बोला. अम्मा घाबरली. मी सांगितली, अम्मा, फ्रेंच में बोला तो आपल्या देवला समजत नाही." आईनं चहाचा कप खाली ठेवला. मग मला म्हणाली, "शैले, आपलं नाव सांगायचं कसं म्हनतीस तू?" मी सांगितलं. आईनं पदर सारखा केला, मॅडमकडं वळली आणि म्हणाली, "ज मापेल सुलोचना." मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "आंशांते," त्या म्हणाल्या. आईनं मला विचारलं, म्हंजी काय? मी म्हटलं, भेटून आनंद झाला. "असं," आई म्हणाली. "मला तं कोनी कधी म्हनलं नव्हतं."

मॅडम गेल्यावर आई रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसायला लागली, नाना बसायचे त्याच जागी. बाजरीचं पीठ मळता मळता "ज मापेल सुलोचना" म्हणायची. ते पहिल्या दिवशीच पक्कं झालं. मधे कोणी नाही, पुढं कोणी नाही, नुसती सुलोचना. ते तिला आवडलं होतं असं मला आता वाटतं. तेव्हा काही वाटत नव्हतं, मी यंत्रासारखी शिकवत होते. "कुठलं सांगू गं, म्हायेरचं का सासरचं?" असं तिनं एकदा विचारलं. माहेरी ती ठकू होती. लग्नात तांदळात अंगठीनं सुलोचना काढून तिला नवं नाव दिलं, ते नानांनीच निवडलं होतं. म्हणजे तिचं स्वतःचं म्हणून जे नाव होतं, तेही त्यांनीच दिलेलं. मी म्हटलं, कुठलंही सांग, मॅडमला चालतं. "नको, हेच राहू दे," ती म्हणाली.

पण पुढं सरकेना. "मों मारी सापेल" इथपर्यंत सुरळीत यायची आणि तिथं ओठ नुसते हलायचे. आवाज नाही. मी म्हणायचे, "आई, देवाला समजत नाही फ्रेंच." ती म्हणायची, "देवाला नाय समजत गं. पर नाव तं तेच हाय ना. ते कुठं फ्रेंच हाय?" मी पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवायचे. रविवारी संध्याकाळी तिनं परात बाजूला सारली आणि म्हणाली, "जाऊ दे शैले. नाय जमत. उद्या सांगीन साहेबाला, वसंत्याला घ्या." मी बरं म्हटलं. बाहेर तोफा वाजत होत्या, डबे किणकिणत होते. आईनं कुकर लावला. दोघींपुरते तांदूळ घेताना तिचा हात नेहमीच्या मापाकडं गेला आणि थबकला. मग तिनं तेवढेच घेतले, तिघांचे. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकला, तोच खाऊन आम्ही कचेरीत गेलो.

अण्णा वसंताला घेऊन आधीच आले होते. वसंताच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. तो माझ्याकडं बघून ओशाळं हसला. त्याचा काय दोष? साहेबांनी आईला एकटीलाच आत बोलावलं आणि अण्णांना व्हरांड्यात बसायला सांगितलं. मी दाराशेजारच्या बाकावर. तिथून आई पाठमोरी दिसत होती, आणि तिच्या पलीकडं उघडी खिडकी. खिडकीतून शेड, शेडमध्ये जीप. नवा ड्रायव्हर बॉनेट उघडून आत वाकला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. आई आता नाही म्हणणार, मला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत सामान बांधायला घ्यावं लागेल, स्टोव्ह गावी न्यायचा की रेखाच्या आईला द्यायचा, असलं काहीतरी मी मनात लावत होते.

"बोला बाई," साहेब म्हणाले. "पूर्ण नाव."

व्हरांड्यात अण्णा खोकले. मग आईनं खांद्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, हळदीकुंकवात उखाणा घेताना खोचायची तसा. मला वाटलं, ही आता यमक जुळवतेय की काय!

"सुलोचना," ती म्हणाली. श्वास घेतला. आणि मग तिचा आवाज फुटला तो एकदम मोठा, एवढा मोठा की व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या माणसानं मान वळवली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं नाव तिला हळू घेताच आलं नाही. ते हाक मारल्यासारखंच बाहेर पडलं.

"भास्कर!"

उखाणा नाही, राव नाही, अहो नाही. बायको नवऱ्याला घरातून शेडकडं हाक मारेल तशी सरळ हाक, तिच्या जन्मातली पहिली. ती ऐकली आणि माझी मान आपोआप खिडकीकडं गेली. शेडकडं. कान टवकारून मी वाट बघायला लागले, कारण ह्या नावाला ओ आली नाही असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. जीपखाली असू देत, मोरीत असू देत. ओ यायचीच.

आणि मला दिसलं, आईसुद्धा साहेबांकडं बघत नव्हती. तिचीही मान खिडकीकडं वळलेली होती. तीही थांबली होती.

बॉनेटमधून तो परका माणूस बाहेर आला, हात पुसत आमच्याकडं बघायला लागला, की ही बाई कोणाला बोलावतेय.

"पुढं?" साहेब म्हणाले.

"बोराडे," आई म्हणाली. हळू, नेहमीच्या आवाजात.

मी बाकावर बसल्या जागी रडायला लागले. आधी नुसतं तोंड वाकडं झालं, मग नदीवर त्या म्हातारीनं काढला होता तसा गळा माझा आपोआप निघाला. अण्णा उठून आले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "रड, रड पोरी," म्हणत राहिले. आईनं त्या कचेरीत पुढं कैक वर्षं नोकरी केली. फोन उचलला की एका दमात "सुलोचना भास्कर बोराडे बोलते" म्हणायची. पण त्या सकाळी ती साहेबांच्या खोलीतून बाहेर आली, माझ्याजवळ बाकावर टेकली, कमरेचा पदर सोडून माझं तोंड पुसलं आणि खिडकीकडं बघतच म्हणाली, "हाक मारायला लय उशीर केला गं मी."